‘झाली’ म्हणजे नेमकं काय झालं

आमच्या जुन्नर तालुक्यात कुठल्याही क्रियापदावर विश्वास ठेवू नये. ‘आलोच’ म्हणणारा माणूस अंघोळीला बसलेला असतो. ‘निघालो’ म्हणणारा पांघरुणात असतो. ‘पोचतोय’ म्हणाला तर खुशाल समजावं की अजून गाडीची किल्ली सापडलेली नाही. नारायणगावातून ‘पाच मिनिटांत आलो’ असं सांगणाऱ्या एका मित्राची वाट बघत मी एकदा आंब्याच्या रोपाशेजारी उभा राहिलो होतो. तो आला तेव्हा त्या रोपाला आंबे लागले होते. वर त्यातला एक तोडून खाल्ला आणि म्हणाला, “जरा आंबाटच हाय राव.”

पण या सगळ्या खोटारड्या शब्दांचा बाप म्हणजे ‘झाली’.

उरलेल्या जगात ‘झाली’ म्हणजे संपली. भाकरी झाली, परीक्षा झाली, मीटिंग झाली. फक्त आमच्या बैलगाड्यांच्या घाटात ‘झाली’ म्हणजे सुरू झाली. घाट म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता नव्हे. शर्यतीसाठी गावाबाहेर केलेला चढाचा सरळसोट पट्टा. खालच्या टोकाला फळी, तिथून गाडा सुटतो. वरच्या टोकाला निशाण, तिथं तो पोचतो. गाड्याला चार बैल आणि गाड्यावर माणूस कुणी नाही. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. बैलांनी फळी सोडली रे सोडली की माईकवाला छाती फुटेस्तोवर ओरडतो, “भिर्रर्र... झाली!” म्हणजे बारी सुरू झाली. संपते ती बारा-तेरा सेकंदांनी, आणि संपल्यावर कुणी काहीच म्हणत नाही, कारण तोवर सगळ्यांचे घसे बसलेले असतात.

मी याच मातीत वाढलो. निमगाव साव्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्याकडं पोर जन्मल्यावर आधी रडतं की आधी ‘झाली’ म्हणतं, यावर सुईणींमध्ये दोन तट आहेत. त्यामुळं या शब्दानं एक दिवस भर यात्रेत माझाच गळा धरला, यात माझा दोष किती आणि मातीचा किती, ते तुम्हीच ठरवा.

मी पुण्यात प्रोग्रॅम लिहायची नोकरी करतो. गावाच्या हिशोबी मी ‘कॉम्प्युटरमधी हाय’. मग लाइट गेली की मला फोन, टीव्हीचा रिमोट चालेना की मला फोन. एकदा तर म्हैस गाभण राहीना म्हणून एकानं माझं मत घेतलं होतं. अशातच गेल्या वर्षीच्या यात्रेत घड्याळांची भानगड झाली. एकाच बारीला एका घड्याळवाल्यानं बारा सेकंद सांगितले, दुसऱ्यानं तेरा. त्या एका सेकंदावरून एवढी हाणामारी झाली की ती सोडवायला आलेल्यांना सोडवायला आणखी लोक आणावे लागले. म्हणून यंदा यात्रा कमिटीनं ठराव केला: वेळ मोजायचं काम यंत्राचं आणि यंत्राचं काम माझं.

मी हो म्हणालो, त्याला कारण माझे चुलते.

चुलत्यांचा गाडा सगळ्या तालुक्याला माहीत आहे, पण कौतुकासाठी नाही. बारा सेकंदांच्या आत निशाण गाठलं तर गाडा पहिल्या नंबरात बसतो. चुलत्यांचा गाडा आयुष्यभर बाराला टेकून पुढं गेला. कधी बारा आणि काही, कधी बारा आणि बरंच काही. त्यांचा एक कोसा बैल आहे, रंगावरूनच त्याचं नाव कोसा पडलं. त्याची जवानी नेमकी शर्यती बंद होत्या त्या वर्षांत गोठ्यात गेली. बंदी उठली तेव्हा त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. चुलत्यांनी घरात जाहीर केलं होतं, “ही कोशाची शेवटची यात्रा. एकदा पयल्यात बसू दे. मंग मी त्याला फळीवर न्हेणार नाय, आन् कुणाला न्हेऊ द्यायाचा नाय.” हे सांगताना त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता. चुलतीच्या पाठीवर त्यांनी असा हात ठेवलेला कुणाच्या पाहण्यात नाही, हे चुलतीनंच मला सांगितलं.

तर यंत्र. घाटाच्या मध्यावर उंच बांबूला एक कॅमेरा बांधला, फळी आणि निशाण दोन्ही दिसतील असा. कॅमेरा एका सेकंदात पंचवीस चित्रं काढतो. बारी सुटल्यापासून निशाणापर्यंत किती चित्रं झाली ते मोजलं की वेळ हातात. बारा सेकंद म्हणजे तीनशे चित्रं. तीनशेच्या आत जो बसला तो पहिल्यात, एवढं सोपं.

पण प्रत्येक चित्रात बैलाचं नाक कुठं आहे ते शोधायला प्रोग्रॅमला वेळ लागतो, आणि गाडे तर दोन-दोन मिनिटांनी सुटतात. म्हणून मी पाठीमागं गडी ठेवले. प्रोग्रॅममध्ये एक मुख्य कारभारी असतो. तो स्वतः नांगर धरत बसत नाही. बारी आली की तिचं चित्रीकरण एका गड्याच्या हातात देतो आणि पुढच्या गाड्याकडं बघतो. गडी मागं बसून आपलं मोजत राहतो. आमच्या धंद्यात या गड्यांना ‘थ्रेड’ म्हणतात. थ्रेड म्हणजे दोरा. दोऱ्यानं कधी कुणाचं शेत नांगरलंय? म्हणून मी आपला गडीच म्हणतो. या पद्धतीत एकच पथ्य आहे: सगळे गडी परत आल्याशिवाय कारभाऱ्यानं दुकान बंद करायचं नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं हे. मी ते दुसऱ्यांना शिकवून पगार घेतो.

कारभाऱ्याचा शेवटचा भाग, म्हणजे यादी छापायची आणि सगळं आवरायचं तो, मी लिहिला नाही. माझ्यासोबत ऑफिसात आहुप्याची एक ताई आहे, तिनं लिहिला. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक. तिथं बैल भाताच्या खाचरात चिखल करतात, फळीवरून सुटत नाहीत. तिनं विचारलं, “दादा, एखाद्या बारीचं काम संपलं हे मला कशावरून कळणार?” मी जेवत होतो. तोंडात घास ठेवून म्हणालो, “मी नोंद ठेवतो ना प्रत्येक बारीपुढं. ती बघ.”

ती नोंद मी ठेवली होती. गडी कामाला सुटला रे सुटला की बारीपुढं शब्द उमटायचा: ‘झाली’.

आता आलं लक्षात? मला त्या वेळी आलं नाही. मला तो शब्द बघूनच अंगात भिर्रर्र व्हायचं.

यात्रेच्या दिवशी ऊन असं होतं की फळीवरच्या दगडावर कुणीतरी ठेवलेली केळी भजी होऊन परत गेली. माझा लॅपटॉप एका मांडवाखाली टेबलावर, टेबलाला भगवं कापड, शेजारी माईकवाला, मागं आहुपेकरीण. सकाळभर यंत्र झकास चाललं. गडी आपले जात होते, मोजून येत होते. दुपारनंतर लॅपटॉप एवढा तापला की माईकवाल्यानं त्यावर पापड ठेवून बघितला. गडी मंदावले. एकेका बारीला दोन मिनिटं, मग चार, मग आठ. मी बघत होतो, पण म्हटलं, मागं राबतायत बिचारे, येतील.

चुलत्यांचा गाडा शेवटून दुसरा होता. कोसा फळीवर आला तेव्हा बसलेले लोक उठून उभे राहिले. मग बैलांनी झेप घेतली, माईकवाला ओरडला, “भिर्रर्र... झाली! झाली! झाली!” आणि चुलत्यांनी जी आरोळी ठोकली ती मढपर्यंत ऐकू गेली, माळशेजच्या बाजूला त्या दिवशी एक दरड सुटली, तिचं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. एवढा धुरळा उठला की बैल दिसेनात, नुसती शिंगं धावताना दिसत होती. कोशानं निशाण ओलांडलं आणि पुढं जाऊन गुडघ्यांवर बसला. लोक म्हणाले, पहिल्यात. काही म्हणाले, नाही, बाराला टेकली. झालं, परत तोच एक सेकंद! पण यंदा कुणी कुणाची कॉलर धरली नाही. सगळे वळले आणि माझ्याकडं बघायला लागले.

शेवटचा गाडा सुटला, पोचला, आणि त्याच क्षणी पडद्यावर यादी आली. पहिल्या नंबरात नऊ गाडे. चुलत्यांचा त्यात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यातही नव्हता. खाली चार बाऱ्यांपुढं नुसती रेघ होती, त्यातली एक चुलत्यांची. आणि त्याखाली पाटी: ‘सर्व बाऱ्या झाल्या. बंद करू?’

माईकवाल्याला घरी जायची घाई होती. तो म्हणाला, “येवढं अदबीनं इचारतंय तर हो म्हनावं,” आणि त्यानं बोट पुढं केलं.

त्या ‘हो’ची किंमत त्याला नव्हे, मला ठाऊक होती. ‘हो’ म्हटलं की मागं राबणारे गडी आहेत त्या अवस्थेत बाहेर हाकलले जाणार, आणि जागा कमी म्हणून सगळं चित्रीकरण पुसलं जाणार, हे मीच ठरवलं होतं. मी अशी उडी मारली की कोशानं बघितली असती तर लाजला असता. माईकवाला, माईक आणि मी, तिघंही भुईवर.

“हात लावू नका!” मी खालूनच ओरडलो. “ताई, हे असं कसं? चार बाऱ्यांच्या वेळाच आल्या नाहीत, आणि आवरायला निघालं?”

आहुपेकरीण शांतपणे पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, “दादा, तुमीच तर प्रत्येकापुढं ‘झाली’ लिवलंय.”

“अगं झाली म्हणजे सुटली!”

“सुटली म्हंजी सुटली. झाली म्हंजी झाली. आमच्याकडं भात झाला म्हनलं की माणूस ताट घेऊन बसतो. तुमच्याकडं काय तवा चूल पेटवत्यात?”

मी भुईवरून उठून कपडे झटकले. ती पुढं म्हणाली, “भाताच्या आवणीला बी एक पात राहिली तरी कुणी बांधावर जात नाय. तुमी एवढे शिकलेले, तुमच्या गड्यांची मोजदाद नको?” हे ती मला म्हणाली, हेच शिकवून पगार घेणाऱ्या मला.

एवढ्यात आमची ही बाचाबाची ऐकत चुलते आले. डोक्याला भंडारा, हातात कासरा, डोळे लाल.

“काय रं, माझी बारी कुठंय?”

“तात्या, मोजणं चाललंय.”

“पळून संपली की ती!”

“पळून संपली. मोजून संपायचीय.”

“किती टाइम?”

मी चुकलो. मातीतलाच ना मी. म्हणालो, “आत्ता, पाच मिनिटांत.”

चुलत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला ते आंब्याचं रोप आठवलं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. बाकीचे तीन गडी कसेबसे आले. त्यातला एक गाडा पहिल्यात बसला, दोन दुसऱ्यात. चुलत्यांच्या बारीवर बसलेला गडी मात्र धुरळ्यात बैलाचं नाक शोधत होता. मी त्याचं काम पडद्यावर मोठं करून लावलं. एक चित्र यायचं, खाली आकडा बदलायचा, मग नऊ-दहा सेकंद काही नाही. मग पुढचं चित्र. शहाऐंशी. इकडं माणूस तंबाखू मळून, चुना लावून, दाढेखाली ठेवून, पहिली पिंक टाकायचा. सत्त्याऐंशी.

मला काहीही करता येत नव्हतं, हीच खरी आग होती. लॅपटॉपला दुसरं काही सांगावं तर गडी आणखी मंदावणार. बंद करावं तर सगळं गेलं. जगात असा एकही कारभारी नाही ज्याला आपल्याच गड्यापुढं असं हात जोडून उभं राहावं लागतं. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी यायचं. “पावणं, हँग झालं का?” “भाऊ, बंद करून चालू करा, आमचा मोबाइल तसाच व्हतोय.” “नेट नाय का?” नेटचा काही संबंध नाही असं सांगून सांगून माझी जीभ आखडली. शेवटी मी म्हणायला लागलो, “हो, नेट नाही.” तेव्हा लोक समाधानानं जायला लागले.

चुलते मात्र हलले नाहीत. आधी त्यांनी उपरण्यानं लॅपटॉपला वारा घातला. मग माठातल्या पाण्यानं उपरणं ओलं करून त्याच्या बुडाखाली सारलं. मी बोंबलेपर्यंत सारून झालं होतं. एकशे चाळीसच्या पुढं आकडा जरा अडला, तसा त्यांनी मुठीनं भंडारा उधळला. यंत्रावर! माझ्या लॅपटॉपच्या काही कळा आजही पिवळ्या आहेत आणि ‘क’ दाबला की हळदीचा वास येतो. पण खोटं कशाला सांगू, भंडारा पडल्यावर आकडा हलला.

दोनशेच्या पुढं सगळा घाट मांडवाभोवती गोळा झाला. माईकवाल्याला स्फुरण चढलं. माईक त्यानं भुईवरून उचलला आणि बारी परत पुकारायला लागला, पण पडद्याच्या गतीनं: “कोशाचा पाय... उचलला... हाय... अजून... वरच हाय...” दहा सेकंदांनी: “ठिवला!” लोक टाळ्या वाजवायचे. आंबेगावकडून आलेले पाहुणे दुपारी दोन बाऱ्यांमध्ये झोपून उठत होते असं लोक सांगतात. दोन चित्रांमध्ये झोपून उठलेला एक मी स्वतः पाहिला.

चुलते पडद्याजवळ सरकले होते. आयुष्यात त्यांनी आपली बारी कधी बघितलीच नव्हती, हे मला तिथं उभं राहून उमजलं. बारा सेकंद ते फळीवर ओरडत असायचे, नाहीतर डोळे मिटून हात जोडून असायचे, आणि उघडले तर नुसता धुरळा. आता कोसा त्यांच्यापुढं एकेका पावलानं चालला होता. मान कशी ताणलीय, नाकपुडी कशी फुगलीय, मधेच एकदा शेजारचा बैल ढिला पडला तर कोशानं खांदा कसा दिला, सगळं. “बघ,” ते मला म्हणाले, “बघ, त्यानं वढलंय एकट्यानं.”

दोनशे नव्वद. दोनशे एक्क्याण्णव. माईकवाल्यानं माईक खाली घेतला. दोनशे पंच्याण्णव. निशाण धुरळ्यातून दिसायला लागलं होतं. दोनशे सत्त्याण्णव. आहुपेकरणीनं, जिला शर्यतीचा ‘श’ ठाऊक नव्हता, माझा दंड एवढा आवळला की तिथं अजून चार बोटं आहेत. दोनशे अठ्ठ्याण्णव. आणि दोनशे नव्व्याण्णवाला गडी थांबला.

थांबला की अडकला? मी पडद्याला नाक लावलं. कोशाचं नाक निशाणाच्या पलीकडं होतं. खाली वेळ आली: अकरा पूर्णांक शहाण्णव.

कुणी ओरडलं नाही. मोजणं संपायच्या आत ‘झाली’ म्हणायची मघाची चूक कुणालाच परत करायची नव्हती. चुलत्यांनी मला विचारलं, जन्मात पहिल्यांदा प्रश्न म्हणून विचारलं, “झाली?”

“झाली, तात्या.”

“आपली झाली का तिची झाली?” त्यांनी आहुपेकरणीकडं बोट केलं.

“माझी झाली,” आहुपेकरीण म्हणाली. “भात झाला. ताट घ्या.”

मग जो आवाज झाला तो मी वर्णन करत नाही, कारण तुम्हाला मी वाढवून सांगतोय असं वाटेल. चुलते त्यात नव्हते. ते पलीकडं बाभळीखाली बसलेल्या कोशाकडं गेले आणि त्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडायला लागले.

पुढच्या आठवड्यात मी सगळं दुरुस्त केलं. ‘झाली’ काढून ‘सुटली’ आणि ‘पोचली’ असे दोन शब्द घातले. कारभाऱ्याला शेवटचा गडी परतेपर्यंत थांबायला शिकवलं. मोजायची रीत बदलली, आता एक बारी अर्ध्या मिनिटात मोजून होते. ऑफिसात लोकांनी वाखाणलं. मी मोठ्या ऐटीत गावी जाऊन कोशाची बारी चुलत्यांना लावून दाखवली. चित्रं सर्रकन गेली, वेळ आली, संपलं.

चुलते भडकले. “ही काय बारी हाय? कुठं चाललाय एवढ्या घाईनं? पयल्यासारखी लाव.”

“तात्या, ती चूक होती. दुरुस्त केली मी.”

“आसू दे चूक. तशी लाव.”

आता मी दर महिन्याला गावी जातो. एवढ्या मेहनतीनं पळता केलेल्या गड्याला दर चित्रानंतर दहा सेकंद नुसतं बसून राहायला सांगणारी एक ओळ मी त्यांच्यापुरती लिहिली आहे. माझ्या धंद्यातल्या कुणी ती बघितली तर मला कामावरून काढतील. चुलते गोठ्यात बाज टाकतात, कोशाला पेंड देतात, लॅपटॉप पालथ्या पाटीवर ठेवतात आणि पाऊण तास बघत बसतात. मला उठू देत नाहीत. मी विचारलं, अजून किती, तर पडद्यावरून नजर न काढता म्हणतात, “झालीच.” तेव्हा कुठं सदतिसावं चित्र असतं.